घरच्या लग्नासाठी मंगलाष्टक लिहिताय? आधी चाल, मग नावं

लग्नात घरच्याच कुणीतरी लिहिलेलं मंगलाष्टक म्हणायचं, ही हौस आता घरोघरी दिसते. पण मांडवात जे ऐकू येतं ते बहुतेक वेळा असं असतं: पहिली ओळ बरी जाते, दुसऱ्या ओळीत मावशी अडखळते, तिसऱ्या ओळीत चार शब्द एका श्वासात कोंबावे लागतात आणि शेवटी सगळे 'सावधान'ची वाट बघतात. मावशीचा गळा चांगला असतो, शब्दही चांगले असतात. बिघडलेला असतो तो लिहिण्याचा क्रम.

लोक आधी वधूवरांची माहिती गोळा करतात, मग नावं घालतात, मग यमक जुळवतात आणि सगळ्यात शेवटी ते चालीवर बसवायला जातात. तिथे ते बसत नाही. क्रम उलटा हवा: चाल कानात, मग नावांच्या जागा, मग मजकूर, आणि यमक जमलं तर. खालच्या पायऱ्या याच क्रमाने दिल्या आहेत. एकही पायरी गाळू नका.

## पायरी १: लिहिण्याआधी तीन माणसांशी बोला

लग्नाच्या निदान महिनाभर आधी हे उरकून घ्या. शेवटच्या आठवड्यात घरात कुणाचंच डोकं जागेवर नसतं.

गुरुजी. एकूण किती कडवी म्हटली जाणार, त्यातली त्यांची किती आणि तुमची किती, हे विचारा. शेवटी 'तदेव लग्नं सुदिनं तदेव' हे ते स्वतः म्हणणार आणि ते मुहूर्ताच्या क्षणाशी बांधलेलं असणार, म्हणून तुमची कडवी त्याच्या आधी संपायला हवीत. काही गुरुजींना सुरुवातीचं गणपतीचं कडवं पारंपरिकच हवं असतं, आणि ते योग्यही आहे. तुमचं कडवं तिसरं किंवा चौथं आलं तर तोवर लोकांचे कान चालीला लागलेले असतात.

म्हणणारी व्यक्ती. आत्या म्हणणार की मित्र, एकटं कुणी म्हणणार की चौघीजणी, हे लिहिण्याआधी ठरलेलं हवं. श्वास लवकर संपतो अशा माणसासाठी अवघड जोडाक्षरांची ओळ लिहिण्यात अर्थ नाही.

दोन्हीकडचं एकेक जाणतं माणूस. कुलदैवत कोणतं, कुणाचं नाव यायलाच हवं, कुणाचं नाव काढलं तर घरात ताण येईल, हे त्यांनाच ठाऊक असतं. वधूवरांना यातलं बरंचसं माहीत नसतं.

किती कडवी लिहायची? माझं स्पष्ट मत आहे की नवी तीनच लिहावीत: एक वधूकडचं, एक वराकडचं, एक दोघांचं. बाकीची पारंपरिक ठेवा. संथ चालीत एका कडव्याला साधारण अर्धा ते एक मिनिट जातं, आणि आठही कडवी नवी असली की पाचव्यापासून कुणी शब्द ऐकत नाही. हातातल्या अक्षता घामाने ओल्या झालेल्या असतात.

## पायरी २: तपशील गोळा करा, गुण नव्हे

'तो कसा आहे?' असं विचारलं की उत्तर येतं, 'मनमिळाऊ.' 'ती कशी आहे?' 'सद्गुणी.' या शब्दांनी कडवं लिहिलं तर ते गावातल्या कुठल्याही लग्नात चालेल, म्हणजे ते या लग्नाचं नाही.

विचारायचं असं:

- दोघं पहिल्यांदा कुठे भेटली? ती जागा नेमकी कशी होती?
- ती बाहेरगावी जाते तेव्हा घरात कोणता आवाज बंद पडतो?
- त्याच्या लहानपणीची कोणती वस्तू आईने अजून जपून ठेवली आहे?
- या लग्नासाठी घरात कुणी स्वतःच्या हातांनी काय केलं?

शेवटच्या प्रश्नाला हमखास काहीतरी हाती लागतं. कुणी रुखवताची मांडणी महिनाभर करत असतं, कुणी अंतरपाटावर स्वस्तिक भरत असतं, कुणाच्या आजीने गोधडी शिवलेली असते. गोधडी डोळ्यांसमोर येते, 'प्रेमळ आजी' येत नाही. एका कडव्यात असा एकच तपशील घ्या. दोन घेतले की दोन्ही अर्धवट राहतात.

वगळायचं ते असं: पदव्या, पगार, कंपनीचं नाव, परदेशातली नोकरी, उंची-गोरेपणा, आणि 'आता सुटका नाही' छापाची चेष्टा. चेष्टेसाठी उखाणे आहेत, घास भरवणं आहे. अंतरपाटामागे उभ्या असलेल्या माणसाला त्या क्षणी चेष्टा नको असते.

जपून: घरातलं कुणी नुकतंच गेलं असेल आणि त्यांचा उल्लेख हवा असेल, तर आधी त्यांच्या जोडीदाराला विचारा, मुलांना नव्हे. होकार आला तर एकच ओळ लिहा, ती दुसऱ्या कडव्यात ठेवा, शेवटच्यात नको. आणि ते कडवं म्हणायला त्या माणसाच्या मुलीला किंवा मुलाला उभं करू नका, आवाज फुटणारच.

## पायरी ३: चाल हातात बसवा

आपल्याकडची बहुतेक मंगलाष्टकं शार्दूलविक्रीडित वृत्तात आहेत. म, स, ज, स, त, त हे सहा गण आणि शेवटी एक गुरू. प्रत्येक ओळीत १९ अक्षरं, १२ अक्षरांनंतर यती म्हणजे थांबा, मग उरलेली ७. गण पाठ नसले तरी चालेल; ही ओळ मात्र पाठ हवी:

गा गा गा ल ल गा ल गा ल ल ल गा । गा गा ल गा गा ल गा

'गा' म्हणजे लांब अक्षर (गुरू), 'ल' म्हणजे आखूड (लघू). आता मांडीवर ठेका धरून म्हणा:

गंगा सिंधु सरस्वती च यमुना । गोदावरी नर्मदा

गं, गा, सिं – तीन लांब. धु, स – दोन आखूड. रस् – लांब. 'यमुना'च्या 'ना'वर यती. मग 'गोदावरी नर्मदा' ही सात अक्षरं. हाच साचा गणपतीच्या 'स्वस्ति श्री गणनायकं गजमुखं'चा. गुणगुणून बघा, सगळं अंगात आधीपासूनच आहे. लिहायला बसल्यावर तेच आपण विसरतो.

आता शेवटचे सात पाहा: 'कुर्यात् सदा मंगलम्'. कुर्, यात्, स, दा, मं, ग, लम्. म्हणजे गा गा ल गा गा ल गा. यतीनंतरचे सात जसेच्या तसे. चौथ्या ओळीचा उत्तरार्ध तुम्हाला तयारच मिळालेला आहे, लिहायच्या राहतात फक्त बारा अक्षरांच्या जागा.

इथे घोटाळा होतो: 'कुर्यात् सदा वो मंगलम्' असं लिहिलं की आठ अक्षरं होतात आणि शेवट घसरतो. 'वो' हवाच असेल तर 'कुर्वन्तु वो मंगलम्' म्हणा, ते सातात बसतं. आणि छापताना पाय मोडायला विसरू नका. 'कुर्यात' आणि 'मंगलम' असं पूर्ण अक्षराने छापलं तर वृत्ताच्या हिशेबात दोन अक्षरं वाढली.

तपासा: मनात कोणतेही शब्द न आणता नुसतं 'गा गा गा ल ल गा' पूर्ण ओळभर चालीत म्हणता येतं का? चार वेळा न चुकता आलं की पुढे जा. नाही आलं तर आज लिहायला बसू नका.

## पायरी ४: लघु-गुरू ओळखायला शिका

नियम थोडेच आहेत, पण चुका इथेच सगळ्यात जास्त होतात.

अ, इ, उ, ऋ असलेलं अक्षर लघू. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असलेलं गुरू. अनुस्वार किंवा विसर्ग असलेलं अक्षर गुरू. 'कॉलेज'मधला 'कॉ'ही गुरूच.

जोडाक्षर स्वतः ऱ्हस्व असेल तर लघूच. 'प्रणव' म्हणजे ल ल ल. पण जोडाक्षराच्या आधीचं ऱ्हस्व अक्षर आघात येत असेल तर गुरू होतं: 'सत्य'मधला 'स' गुरू. आघात नसेल तर होत नाही: 'तुझ्या' आणि 'तुम्ही' यांतला 'तु' लघूच राहतो. शंका आली तर शब्द मोठ्याने म्हणा. जीभ आधीच्या अक्षरावर आदळते का ते बघा, तेवढं पुरतं.

दुसऱ्या शब्दाच्या सुरुवातीचं जोडाक्षरही मागच्या अक्षराला गुरू करू शकतं. 'स्वस्ति श्री'मधला 'ति' असाच लांबतो. मराठी ओळीत याने गोंधळ होतो, म्हणून नवशिक्यांनी लघू अक्षरानंतर जोडाक्षराने सुरू होणारा शब्द ठेवूच नये.

आणि सगळ्यात मोठा सापळा: आपण बोलताना शब्दाच्या शेवटचा 'अ' गिळतो. 'सुमेध' आपण दोन झटक्यांत म्हणतो, पण वृत्तात ती तीन अक्षरं आहेत: ल गा ल. 'घर' ही दोन. बोलण्याच्या हिशेबाने अक्षरं मोजली की ओळ कागदावर १९ची वाटते आणि गाताना २२ची निघते.

सूट कुठे घ्यायची? साध्या शब्दांत ऱ्हस्वाचं दीर्घ, दीर्घाचं ऱ्हस्व करायला कवितेत पूर्वीपासून मुभा आहे: 'मऊ'चं 'मउ', 'हसून'चं 'हसुनी'. ओळीचं अगदी शेवटचं अक्षर लघू असलं तरी ते लांबवून गुरू धरतात. पण माणसांच्या नावांत ही सूट घेऊ नका. जिचं लग्न आहे तिला स्वतःचं नाव आयुष्यभर माहीत आहे. ते 'मिरा' झालेलं तिला लगेच टोचेल.

## पायरी ५: नावांच्या जागा ठरवा, मजकुराला हात लावू नका

कागदावर १ ते १९ आकडे लिहा, प्रत्येकाखाली गा किंवा ल लिहा. आता दोन्ही नावांचे लघु-गुरू काढा आणि ती नावं कुठे बसतात ते शोधा. उदाहरणं:

- मीरा, नेहा, स्वाती (गा गा): १–२, २–३, १३–१४, १६–१७
- सुमेध, अमोल, समीर (ल गा ल): ५–७ किंवा ७–९
- केदार, ओंकार, आदित्य (गा गा ल): २–४, १३–१५, १६–१८
- रोहिणी, पल्लवी, शंतनू (गा ल गा): ६–८, १४–१६, १७–१९
- अदिती, ऋतुजा, मधुरा (ल ल गा): ४–६, १०–१२
- गायत्री, वैदेही, प्राजक्ता (गा गा गा): ओळीच्या सुरुवातीलाच, १–३
- प्रणव, सुयश, विनय (ल ल ल): फक्त ९–११
- मनीषा, शिवानी (ल गा गा): फक्त १५–१७
- अनिकेत, अभिषेक (ल ल गा ल): फक्त ४–७

मीराला १२–१३ ही जागाही मिळते असं वाटेल, पण तिथे नाव यतीवर तुटतं. 'मी' एका बाजूला आणि 'रा' दुसऱ्या बाजूला, मध्ये श्वास. तसं करू नका.

काही नावं बसतच नाहीत. 'अनुराधा' (ल ल गा गा) घ्या: यतीवर न तुटता तिला या वृत्तात जागा नाही. अशा वेळी घरचं लाडकं नाव घ्या, अर्थात तिला विचारून. 'राधा' सहज बसते. 'हरिहर'सारखं चार लघूंचं नाव तर कुठेच बसत नाही.

विभक्तीचा प्रत्यय लावला की नाव हलवता येतं. 'मीरा' गा गा आहे, 'मीरेला' गा गा गा. 'सुमेध' ल गा ल, 'सुमेधने' ल गा ल गा, 'सुमेधास' ल गा गा ल. नाव अडलं तर आधी प्रत्यय बदलून बघा.

कुलदैवतांचंही असंच. 'खंडोबा' ओळीच्या सुरुवातीला, 'जोतिबा' आणि 'रेणुका' रोहिणीच्या जागांवर, 'विठ्ठल' ३–५ किंवा ८–१०. 'तुळजाभवानी' सरळ बसत नाही, पण हाक मारून 'तुळजाभवानि' म्हटलं की ४ ते ९मध्ये नेमकं बसतं.

सगळ्यात जास्त होणारी चूक: कुठूनतरी तयार मंगलाष्टक घ्यायचं आणि त्यातली नावं बदलायची. 'मीरेला गवसे सुमेध'च्या जागी 'रोहिणीला गवसे ओंकार' घातलं की दुसरंच अक्षर लघू होतं, एक अक्षर वाढतं आणि ओळ कोसळते. नावं बदलली की ओळच नवी लागते. रोहिणी आणि ओंकारची ओळ अशी होऊ शकते:

हा ओंकार उभा अधीर, हसुनी । आली पुढे रोहिणी

ओंकार २–४मध्ये, रोहिणी १७–१९मध्ये. अंतरपाटाच्या दोन बाजूही ओळीच्या दोन बाजूंना आल्या, हे आपसूक झालं.

## पायरी ६: शेवटून लिहायला घ्या

कडवं चार ओळींचं. लिहायचा क्रम: आधी चौथी ओळ, मग नावांची, मग तपशिलाची, आणि पहिली ओळ सगळ्यात शेवटी. कारण साधं आहे: चौथी अर्धी तयार आहे, नावांना ठरावीक जागाच आहेत, आणि पहिल्या दोन ओळीच काय त्या मोकळ्या आहेत. मोकळ्या ओळी आधी लिहिल्या की अडलेल्या ओळींसाठी त्या पुन्हा मोडाव्या लागतात.

एक कडवं करून बघू. हाती आलेली माहिती: मीरा आणि सुमेध, ग्रंथालयात ओळख, आजीने दोघांसाठी शिवलेली गोधडी.

चौथी ओळ. आशीर्वादाची बारा अक्षरं हवीत: 'राहो हास्य घरी तयां नितनवे'. रा हो हास् – गा गा गा. य घ री – ल ल गा. त यां – ल गा. नि त न वे – ल ल ल गा. बसली.

तिसरी, नावांची. 'मीरेला' १–३, 'सुमेध' ७–९. मधली तीन अक्षरं ल ल गा: 'गवसे'. यतीपर्यंत अजून ल ल गा: 'घडला'. मग सात: 'जोडा मनाजोगता'.

दुसरी, गोधडीची. 'गोधडी' गा ल गा आहे, म्हणजे ओळीच्या शेवटी १७–१९ला छान बसेल. त्याआधी गा गा ल गा: 'मायाभरी'. पूर्वार्ध: 'आजीने शिवली उबेस मउशी'.

पहिली, ओळखीची. पहिला प्रयत्न बहुतेकांचा असा असतो: 'ग्रंथालयात भेटले सुमेध आणि मीरा.' ही पंधराच अक्षरं आहेत, आणि मुख्य म्हणजे 'ग्रंथालयात' हा शब्द (गा गा ल गा ल) या वृत्तात कुठेच बसत नाही. शेवटचा 'त' नडतो. तो काढून 'ग्रंथालयी' केलं तर १३–१६ किंवा १६–१९मध्ये बसतो. 'ग्रंथगृही' केलं तर गा ल ल गा, म्हणजे ३–६. दुसरा पर्याय घेऊ: 'एका ग्रंथगृही जुळे सहज जी'. यतीनंतर: 'मैत्री, तिची ही घडी'.

एकत्र:

एका ग्रंथगृही जुळे सहज जी । मैत्री, तिची ही घडी
आजीने शिवली उबेस मउशी । मायाभरी गोधडी
मीरेला गवसे सुमेध, घडला । जोडा मनाजोगता
राहो हास्य घरी तयां नितनवे । कुर्यात् सदा मंगलम्

घडी आणि गोधडीचं यमक इथे जमलं. तिसऱ्या-चौथ्याचं नाही, आणि ते नसल्याने काही बिघडत नाही. चौथी ओळ 'मंगलम्'वरच संपणार, मग तिच्याशी यमक जुळवायच्या नादात तिसऱ्या ओळीत कुठलाही शब्द आणू नका. वृत्त सांभाळा, यमक सुटलं तर सुटू द्या. वृत्त सुटलं तर मात्र प्रत्येक कानाला कळतं, अगदी वृत्ताचं नावही माहीत नसलेल्या कानाला.

अडलात तर शब्द बदला, क्रम बदला, प्रत्यय बदला. 'हो', 'रे', 'ते', 'पै' यांनी भोकं बुजवू नका. ओळीत अशी एखादी ठिगळ चालते, दोन झाली की ओळ केविलवाणी वाटते. संस्कृत शब्दांचा ढीगही नको. 'सुलक्षणी सुमंगला शुभांगिनी' लिहिताना भरजरी वाटतं, पण त्यातून मीरा दिसत नाही. एखादा जुना शब्द मात्र चालतो, कारण चालच जुनी आहे.

थांबा आणि विचारा: या कडव्यातली नावं झाकली तर ते दुसऱ्या कुठल्या जोडप्याला चालेल का? चालत असेल तर पायरी २वर परत जा.

## पायरी ७: स्वतः सोडून दुसऱ्याकडून म्हणवून घ्या

लिहिणारा स्वतः म्हणतो तेव्हा चुकीची ओळही बसते, कारण कुठे घाई करायची आणि कुठे ओढायचं ते त्याला माहीत असतं. म्हणून कडवं अशा माणसाला द्या ज्याने ते आधी पाहिलेलंच नाही. काही न सांगता चालीत म्हणायला लावा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा.

जिथे ते अडखळतील तिथे खूण करा. 'तू जरा असं म्हण ना' असं समजावू नका. ती जागा बदला. अडखळण्याची कारणं जवळजवळ नेहमी हीच असतात:

- एक अक्षर जास्त, बहुधा शब्दाच्या शेवटचा गिळलेला 'अ'
- नऊ-दहा-अकरा या तीन लघूंच्या जागी घुसलेलं गुरू अक्षर
- यतीवर तुटलेला शब्द
- दोन जोडाक्षरं लागोपाठ, जिभेला पेलत नाहीत अशी

तीन लघूंची जागा विशेष तपासा. 'सहज', 'नितन', 'समउ'सारखी नुसती अक्षरं उचलून नव्हे, ओळ पहिल्यापासून मोजत येऊन नवव्या, दहाव्या आणि अकराव्या अक्षरावर बोट ठेवा. ही तिन्ही आखूड हवीत. चालीतली उडी तिथेच आहे, आणि तिथे एक दीर्घ आलं की सगळी ओळ लंगडते.

नंतर अर्थासाठी दुसरी तपासणी. दोन्हीकडच्या त्या जाणत्या माणसांना एकेकट्याला वाचून दाखवा. नावांचा क्रम, नात्यांचा उल्लेख, कुणी राहिलं का, हे तेच सांगतील. सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मात्र टाकू नका. प्रत्येक काका एकेक शब्द बदलायला सांगेल, आणि वधूवरांना जे मांडवात पहिल्यांदा ऐकायला मिळायला हवं ते आधीच कळेल.

## पायरी ८: कागद आणि तालीम

मोबाईलवर बघून म्हणू नका. स्क्रीन मध्येच बंद होते, फोन येतो, उन्हात अक्षरं दिसत नाहीत. जाड कागदावर मोठ्या ठशात छापा, एका पानावर एकच कडवं. यतीच्या जागी उभी रेघ द्या. लांबवायची अक्षरं गडद केली तर नवख्यांना फार मदत होते. फाइल पाठवताना पीडीएफ करूनच पाठवा, नाहीतर छपाईवाल्याच्या संगणकावर जोडाक्षरं फुटतात आणि 'कुर्यात्'चा पाय नाहीसा होतो. छापून आल्यावर नावं आणि पाय मोडलेली अक्षरं पुन्हा वाचा.

चार प्रती काढा: म्हणणाऱ्याची, गुरुजींची, माइक सांभाळणाऱ्याची, आणि एक वधूवरांसाठी जपून.

तालीम दोनदा. पहिली बसून, दुसरी उभ्याने आणि माइक धरल्यासारखा हात ठेवून. चौघीजणी एकत्र म्हणणार असतील तर सुरुवात कोण करणार आणि कोणत्या सुरात, हे ठरवा. सगळ्यांना पेलेल असा खालचा सूर घ्या. मांडवात उत्साहाने तो आपोआप वर चढतो.

## पायरी ९: मांडवात

अंतरपाट धरला जायच्या आधी म्हणणारी माणसं माइकपाशी उभी हवीत. तीन कडवी संपल्यावर 'मावशी कुठे गेली' ही शोधाशोध फार ठिकाणी होते, म्हणून एकाच माणसावर सगळ्यांना वेळेत पुढे आणायची जबाबदारी द्या.

सनई किंवा बँडवाल्यांना आधीच सांगा की मधल्या 'सावधान'ला वाजवायचं नाही, गुरुजींनी खूण केल्यावरच. खूण कोणती तेही ठरवा. त्यांना आवाजावरून अंदाज घ्यायला लावलं तर पारंपरिक कडवी संपली की ते वाजवायला सुरुवात करतात आणि तुमचं कडवं त्यात बुडतं.

मुहूर्त जवळ आला आणि गुरुजींनी आवरतं घ्यायला सांगितलं तर कोणतं कडवं गाळायचं, हे आधी ठरवून ठेवा आणि त्या कागदाच्या कोपऱ्यावर खूण करा. दोन्ही बाजूंचं एकेक कडवं असेल तर गाळायचं ते दोघांचं. एका बाजूचं गाळलं तर ते वर्षानुवर्षं लक्षात ठेवलं जातं.